विमानाआधी एक फोन लावा: आमच्या संस्थेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. विश्वस्त मंडळ आणि शिबिराचे सर्व संयोजक यांस,
स. न. वि. वि.

आज मंगळवार. शुक्रवारी समारोप, शनिवारी संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने मुंबई, रविवारी पहाटेच्या विमानाने नैरोबी आणि तिथून पुढे केनियातल्याच कितुईला, पाण्याच्या कामासाठी, वर्षभर स्वयंसेवक म्हणून. आम्ही अकरा जण आहोत. काल तुम्ही अभिप्रायाचा फॉर्म वाटलात. त्यावर पाच चेहरे छापलेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि खाली 'इतर सूचना' म्हणून दीड ओळ सोडली आहे. मी जेवणाला हसरा चेहरा दिला, राहण्याच्या सोयीला मधला दिला आणि दीड ओळीपाशी येऊन अडकले. म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवते आहे, कारण तुमच्यासारख्या आणखीही संस्था आहेत. लातूर-नांदेडची, बीड-परभणीची पोरंपोरी असल्या कामाला परदेशी निघाली आहेत. त्यांचीही शिबिरं कुठल्या तरी हॉलमध्ये होत असणारच.

तुमचं शिबिर वाईट झालं असं कुणी समजू नये. मलेरियाचा तास घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी मच्छरदाणी गादीखाली कशी खोचायची ते स्वतः आडवं पडून दाखवलं. गोळ्या निघायच्या आधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या, हे आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, हे तुम्ही वेळेत कळवलंत म्हणून आमची पिवळी पुस्तकं तयार आहेत. तिकडच्या प्लगला तीन चौकोनी पाय असतात हेही कळलं. लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हा नियम तर मला फार आवडला. (संस्थेच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर मात्र एक उघडं लेकरू नळाखाली ओंजळ धरून उभं आहे. त्याच्या आईला कुणी विचारलं होतं, तेवढं कळवा.)

माझं भांडण आहे ते गुरुवारच्या एका रकान्याशी. पहिल्या वेळापत्रकात तिथे 'कितुईच्या महिला गटाशी व्हिडिओ कॉल, ४५ मिनिटे' असं होतं. गेल्या शनिवारी एकदा तो लावून पाहिला, लागला नाही. काल जे सुधारित वेळापत्रक हातात पडलं, त्यात त्या जागी 'टी-शर्ट वाटप व बॅग भरणे' आलं आहे. ज्यांच्या दारात आम्ही वर्षभर जाऊन बसणार, त्यांच्याशी दहा दिवसांत एकही शब्द न बोलता आम्ही निघणार. बॅग आम्हाला भरता येते हो. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या भागातले आहोत आम्ही, सहा महिन्यांचा संसार एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवतात आमच्याकडे.

आता एका दिवसाचं सांगते. त्या दुपारी 'गावातला पहिला दिवस' असं नाटुकलं बसवलं होतं. सहा जण स्वयंसेवक, पाच जण गावकरी. मी गावकऱ्यांत. डोक्यावर घ्यायला एक ओढणी दिली आणि प्रशिक्षक म्हणाले, "तुम्ही गावातल्या बाई. शिकलेल्या नाहीत, जरा बुजलेल्या आहात. मदत येणार म्हणून वाट बघताय." जालन्याचा आमचा सिव्हिल इंजिनिअर भाऊ, फार गुणी पोरगं आहे, तो कागदाची मोठी गुंडाळी घेऊन आला. त्याने शेततळ्याचं चित्र उघडलं. नाला खोल करू, तळं खोदू, आत प्लास्टिकचा कागद अंथरू, असं सगळं सांगितलं. त्याला जे लिहून दिलं होतं ते त्याने नीट म्हटलं.

मी विचारलं, "तुम्ही किती दिवस राहणार, भाऊ?"

त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदात ते नव्हतं.

"आणि तुम्ही गेल्यावर तळ्याचा कागद फाटला, तर तो कुठं मिळतो?"

मागचे हसले. प्रशिक्षकांनी टाळी वाजवून नाटक थांबवलं. "ताई, असे प्रश्न ते विचारत नाहीत. जरा सहकार्य करा."

मी म्हणाले, "सर, आम्ही विचारले होते."

त्यांना वाटलं मी अजून भूमिकेतच आहे. "छान, छान," म्हणून त्यांनी पुढच्या जोडीला बोलावलं. चहाची वेळ झाली होती. 'आम्ही' म्हणजे कोण, ते तेव्हा सांगायचं राहून गेलं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं, लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांतली जी ५२ गावं जागा सोडून दुसरीकडे नव्याने वसवली त्यातलं एक. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडांवर हातभर मातीचं माळवद, अशी घरं होती सगळी. उन्हाळ्यात गार आणि त्या पहाटे जीवघेणी. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातलं कोण गेलं, ते इथे लिहीत नाही.

पुढचे काही महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो आणि माणसं येत होती. कुठून कुठून आली. त्यांनी ढिगारे उपसले, प्रेतं काढली, आमच्या जखमा धुतल्या. त्यांचं ऋण फिटायचं नाही आणि मला ते फेडायचंही नाही, त्या ऋणापायीच तर मी तुमचा अर्ज भरला. पण त्यांच्याच मागून फॉर्म घेऊन येणारे आले. जमीन किती, माणसं किती, एवढं दोनच विचारायचे. माझ्या आईने त्यातल्या एकाला दोन गोष्टी विचारल्या होत्या. नव्या घरात जनावरं कुठं बांधायची, आणि शेजार हाच राहील का. तो भला माणूस होता, दमलेला होता. म्हणाला, "मावशी, मिळतंय ते आधी घ्या." दोन्ही प्रश्नांना त्याच्या फॉर्मवर रकाना नव्हता.

घरं जमिनीप्रमाणे मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. म्हणजे जुन्या गावात कोण मोठा आणि कोण लहान होता, ते नव्या गावात सिमेंटमध्ये पक्कं झालं. आम्ही चारशेवाले. बैल बाहेर विजेच्या खांबाला बांधले. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, घरं सगळी एकसारखी. माझी आजी दोनदा दुसऱ्याच्या घरात शिरली. लाजेने कुणाला बोलली नाही, पण तिने आमच्या कडीला जुन्या हिरव्या लुगड्याची एक चिंधी बांधून ठेवली. ती चिंधी बघत बघत घरी यायची. पुढे एका सुट्टीत शहरातल्या मुलामुलींचं शिबिर आलं, त्यांनी गावात स्वच्छता मोहीम काढली. रस्ते झाडले, गटारं काढली, मनापासून राबली ती पोरं. आणि आमच्या कडीची चिंधीही काढून टाकली. घाण दिसत होती म्हणून. संध्याकाळी आजी पिठाचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली मला आठवते. आई तिला आणायला गेली तर म्हणाली, "म्या हितंच बसायलेय जरा, पाय दुखायलेत." पाय दुखत नव्हते तिचे.

ते घर पक्कं आहे, आजही उभं आहे, मी त्यातच वाढले. पत्र्याखाली झोपून झोपून डोक्यावरच्या छताची जी भीती बसली होती, ती त्याच घरात गेली. मला तक्रार करायची नाही. सांगायचं एवढंच, की आम्ही विचारलं होतं. बुजलेले होतो, शिकलेले नव्हतो, आणि विचारलं होतं. 'ते विचारत नाहीत' असं तुमच्या प्रशिक्षकांना वाटतं, कारण ऐकणाऱ्याच्या कागदात रकाना नसतो. आजीचं तर त्याच्याही आधीपासूनचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला होती, तेव्हा अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती. त्या भाकरीच्या कडा थापतानाच फुटायच्या, असं ती मरेपर्यंत सांगायची. पोट भरलं त्याने, हेही सांगायची. पण मिलो पाठवणाऱ्याला ती भाकरी थापली जात नाही हे कधी कळलं असेल का, याचं तिला कुतूहल होतं.

आता पाण्याचं. हे थोडं लांबेल, पण माझी वीस वर्षं त्यात गेली आहेत, तेव्हा ऐका.

तुम्ही आमच्या हाती जी चित्रफीत देऊन पाठवताय, तिचं नाव 'दुष्काळावर मात: मराठवाड्याचा अनुभव'. आपल्याकडे १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला आणावं लागलं, आणि आपण मात शिकवायला निघालो, हे जरा हसण्यावारी नेलं तरी चालेल. अनुभव खरा आहे, मात खोटी असली तरी. पण त्यात नाला खोलीकरणाला आणि गाळ उपसण्याला सगळ्यात जास्त वेळ दिला आहे, तिथे माझ्या पोटात गोळा आला.

आपली जमीन काळी, खाली काळा पाषाण. आपल्या ओढ्यांना पूर आला की गाळ येतो. तो बंधाऱ्यात साचला की पाणी मावत नाही, म्हणून आपण उपसतो आणि शेतात पसरतो. बरोबर आहे. कितुईत खडक वेगळा, जुना आणि दाणेदार, तो झिजला की जाड वाळू होते. तिथल्या नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या असतात, पण पूर आला की ती वाळू घेऊन येतात. तिथली माणसं नदीच्या पात्रात, खालच्या पक्क्या खडकापासून दगड-सिमेंटची भिंत बांधतात. आणि मग ती भिंत वाळूने भरू देतात. मुद्दाम. हलका गाळ पुराबरोबर भिंतीवरून पुढे निघून जातो, जड वाळू मागे बसते. एक-दोन पावसाळ्यांत, कधी जास्त लागतात, बंधारा काठोकाठ भरतो, तो वाळूने. आपला कुणी गेला तर म्हणेल, अरेरे, बुजला की बंधारा. पण त्या वाळूच्या पोटात, कणाकणांच्या मधल्या फटीत, पाव हिस्सा ते चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी असतं. त्याला ऊन लागत नाही, म्हणून ते उडून जात नाही. वर पाणी उघडं नाही, म्हणून डास नाहीत. वाळूतून गाळून आलेलं पाणी बाया झिरा, म्हणजे वाळूत खड्डा, खोदून किंवा हातपंपाने काढतात. झिरा आपल्यालाही ठाऊक आहे. मांजरा-तेरणेच्या पात्रात आमच्या आया झिऱ्यावर वाटी-वाटीने घागर भरायच्या, वाळू होती तोवर. ती वाळू आपण ट्रकने विकली.

तर सांगा, जालन्याच्या त्या गुणी पोराने तिथे जाऊन तुमचा कागद उघडला आणि म्हणाला, पात्र खोल करू, साचलेलं उपसू, तर तो नेमकं काय उपसेल? त्यांचं पाणी उपसेल.

उतारावर एकाच पातळीत खणतात त्या सलग समतल चरांचंही तसंच. आपण चर खणला की माती उताराच्या बाजूला टाकतो. तिथे तिला चढाच्या बाजूला फेकतात. तिथल्या स्वाहिली भाषेत त्याला 'फान्या जू' म्हणतात, म्हणजे वर टाका. मग शेत हळूहळू आपोआप टप्प्याचं होत जातं. कष्टाचं काम आहे, माती चढावर फेकून पाहा एकदा. तेही गटाने करतात. त्या गटाला 'म्वेथ्या' म्हणतात, सगळ्यांनी मिळून एकेकाचं शेत उरकायच्या आपल्या इर्जिकीची बहीणच. हे मला तुमच्या शिबिरात कळलेलं नाही. रात्री खोलीवर वाचून कळलं, आणि अर्धं कळलं हे मला पक्कं माहीत आहे. अर्धं कळलेला माणूस बांधावर किती नुकसान करतो, ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलेलं आहे. एका गावात मी आग्रहाने जो नाला खोल करायला लावला, त्याने वरच्या वाडीतल्या दोन विहिरींचं पाणी दुसऱ्या अंगाला वळलं. त्या वाडीवरची एक म्हातारी मला आधीच म्हणाली होती, "बाई, हितला खडक फोडू नकोस, पाणी त्याच्यावर बसलंय." माझ्याकडे तेव्हा नकाशा होता. म्हातारीचं कोण ऐकतो?

आणखी एक. तिथले लोक आपल्याबाबतीत कोरी पाटी आहेत, असं चौथ्या दिवशी सांगितलं गेलं. तसं नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासूनची रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. मग आपले व्यापारी गेले. तिथे दुकानाला 'दुका' म्हणतात, चपातीला चपातीच म्हणतात, आणि आपल्याला 'मुहिंदी'. २०१७ मध्ये केनियाच्या सरकारने तिथल्या आशियाई लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. म्हणजे मुहिंदी म्हटल्यावर त्या बायकांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी आधीच उभं आहे. गल्ल्यावर बसलेलं असेल, रुळावर खपलेलं असेल. मी दारात गेले की त्या मला त्याच्याशी ताडून बघणार. ते काय आहे, हे मला निघायच्या आधी थोडं तरी कळू नये का? माझ्या सासूबाईंनी तुमच्यापेक्षा नेमका प्रश्न विचारला: "तिकडं ज्वारी हाय का?" आहे. म्तामा म्हणतात. हे ऐकल्यावर त्यांचं रडणं निम्म्यावर आलं.

शिबिरात मला सगळ्यात उपयोगी पडली ती वीस मिनिटं वेळापत्रकात नव्हतीच. मागच्या तुकडीतली एक मुलगी प्रमाणपत्र न्यायला आली होती. कँटीनमध्ये ती आमच्या टेबलाशी बसली. म्हणाली, पहिल्याच बैठकीला मी तीन वाजता पोचले, तिथे कुणी नाही. बायकांनी 'तीन' म्हटलं होतं, ते त्यांच्या घड्याळाचे तीन, म्हणजे सकाळचे नऊ. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. आपले सात म्हणजे त्यांचा एक, 'सा मोजा'. नऊ म्हणजे 'सा ताटू'. बाया सकाळची कामं टाकून, झाडाखाली दोन तास बसून घरी गेल्या होत्या. आठवडाभर कुणी रागावलं नाही, आणि कुणी आलंही नाही. मुलगी हे हसत सांगत होती, पण चहा तिने तसाच ठेवला. तिला हॉलमध्ये बोलवा म्हणून मी संयोजकांकडे गेले, तर 'आजचा वक्त्यांचा कोटा झाला' असं उत्तर आलं.

तर माझं मागणं असं आहे. गुरुवारी टी-शर्ट नंतर द्या. बसमध्ये द्या, विमानतळावर द्या, नाही दिले तरी चालेल. (पाठीवर 'आशेचे दूत' छापलंय. कितुईच्या उन्हात ते घालून फिरायची मला खरंच लाज वाटेल. १९९३ साली ट्रकांवर असंच काहीबाही लिहिलेलं असायचं.) त्या वेळेत कॉल परत लावा. आमच्यातल्या उदगीरच्या मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, तिकडच्या गटाच्या सचिव बाईंनाही इंग्रजी येतं, दुभाष्याचा खर्च नाही. आम्ही काय करणार ते त्यांना सांगायचं नाही, ते आम्हालाच ठाऊक नाही. आधीची तुकडी काय अर्धवट टाकून गेली, ते विचारायचं आहे. कुठला बंधारा वाळूने न भरता गाळाने भरला आणि का. आमच्या राहण्याचा भार कुणाच्या चुलीवर पडणार आहे. आणि आम्ही कुठल्या गोष्टीला हात लावू नये. त्यांची कडीला बांधलेली चिंधी कुठली, ते त्या आपण होऊन सांगणार नाहीत. पण चार दिवस आधी ओळख झाली तर निदान सहाव्या महिन्यात सांगतील.

आणि पुढच्या तुकडीसाठी: ते नाटुकलं बंद करा. संभाजीनगरपासून लातूरचा रस्ता काही फार लांब नाही. शेवटचे दोन दिवस मुलांना त्या ५२ गावांपैकी एखाद्या गावात न्या. मदत घेतलेली माणसं अजून जिवंत आहेत. माझी आई सत्तरीची आहे, तिची आठवण पक्की आहे आणि तिला बोलायला आवडतं. तिच्या पुढ्यात मुलांना बसवा, आणि जनावरं कुठं बांधायची ते तिला विचारू द्या. हॉलमध्ये बोलणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही जेवढं मानधन देता, तेवढंच तिला द्या. शाल-श्रीफळ नको, घरात सहा पडून आहेत.

गुरुवारची वेळ मी सचिव बाईंना परस्पर विचारून ठेवली आहे, त्याबद्दल रागवा हवं तर. आपल्या साडेबाराला. नैरोबीला तेव्हा सकाळचे दहा होतात आणि त्या बायकांच्या घड्याळात चार. पाच जणी येणार आहेत, त्यातल्या दोघी चालत. हॉलमधलं वायफाय शनिवारसारखंच बसलं, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझ्या मोबाइलला चांगली रेंज येते. अकरा जण मावतो आम्ही तिथे, दाटीवाटीने.

आपली,
तुमच्या यादीतली सातव्या क्रमांकाची स्वयंसेविका